पाऊच काउंटर दोन-तीन दिवसांतून एकदा चुकतो : नेमके ४४ कमी भरणाऱ्या खोक्याचा छडा

इंदूरच्या सांवेर रोडवर माझ्या मावसभावाचा शेव-नमकीनचा लहानसा कारखाना आहे. पाच रुपयांचे पाऊच भरणारं एक मशीन, मिनिटाला साधारण ६० पाऊच. भरलेला पाऊच घसरणीवरून खाली येताना फोटो सेन्सरसमोरून जातो, सेन्सर बोर्डाला एक पल्स देतो. असे ३०० झाले की झडप वळते आणि माल शेजारच्या रिकाम्या खोक्यात पडू लागतो. बोर्ड मीच बनवून दिलेला : अ‍ॅटमेगा ३२८पी, १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, सेन्सर इंट-झिरोच्या पिनवर (इथे पल्स आला की चिप हातातलं काम थांबवून आधी त्याची दखल घेते, यालाच इंटरप्ट म्हणतात), सोळा बाय दोनचा डिस्प्ले आणि चार बटणं. प्रोग्रॅम अर्डुइनोमध्ये लिहिलेला.

तक्रार अशी की दोन-तीन दिवसांतून एखादा खोका हलका निघतो. बाकीचे सगळे बरोबर. बोर्ड बंद करून चालू केला की पुन्हा दोन दिवस काही होत नाही, म्हणून सगळ्यांचा समज झाला की रिसेटने बरं होतं. मी आधी सेन्सर बदलला, मग पॉवर सप्लाय, मग चिपच नवी घातली. प्रत्येक वेळी दोन दिवस ठीक जायचे आणि तिसऱ्या दिवशी दादाचा फोन यायचा, "अरे, परत तेच झालं."

छडा लागला तो पॅकिंगवरच्या मावशींमुळे. खोका उचलला की हाताला कळतं, असं त्या म्हणायच्या. हलका वाटलेला प्रत्येक खोका उघडून, पाऊच मोजून त्या वहीत आकडा लिहून ठेवत होत्या. मी वही मागितली. सहा नोंदी होत्या आणि सहाही वेळा आकडा एकच : २५६. सेन्सरवर मसाल्याची धूळ बसली असती किंवा वायर सैल असती तर एकदा २९१, एकदा २७४ असं काहीतरी निघालं असतं. दर वेळी बरोबर ४४ कमी, ही मशीनची चूक नव्हे. ही प्रोग्रॅमची चूक.

म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो. "काउंटर चुकतो" या एकाच तक्रारीखाली इंटरप्टची निदान चार वेगवेगळी दुखणी येतात, आणि त्यांतलं कोणतं हे कितीने चुकलं यावरून ओळखता येतं. कोड उघडण्याआधी, काहीही बदलण्याआधी, चुकलेला माल हाताने मोजा आणि आकडा लिहून ठेवा. मी तीन महिने हे केलं नाही.

४४ आले कुठून

अ‍ॅटमेगा ३२८पी ही आठ बिटांची चिप. एका बाइटमध्ये २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही, त्यामुळे ३०० पर्यंत मोजायचं तर दोन बाइट लागतात, एक खालचा आणि एक वरचा. वरच्या बाइटमधला १ म्हणजे २५६. हे दोन बाइट चिपला एका दमात वाचता येत नाहीत. आधी एक उचलायचा, मग दुसरा, प्रत्येकाला दोन क्लॉक, म्हणजे क्रिस्टलचे दोन ठोके.

आता मोजणी २५५ वर आहे असं धरा. खालचा बाइट २५५, वरचा ०. मुख्य लूप (प्रोग्रॅमचा सतत फिरत राहणारा भाग) "३०० झाले का?" हे बघायला येतो आणि खालचा बाइट उचलतो : २५५. नेमक्या त्याच क्षणी पाऊच सेन्सरसमोर येतो. इंटरप्ट लागतो, लूप आहे तिथे थांबतो, हँडलर (इंटरप्ट लागला की चालणारा छोटा कोड) मोजणीत एक मिळवतो. मेमरीत खालचा बाइट ० झाला, वरचा १. म्हणजे २५६, अगदी बरोबर. हँडलर संपतो, लूप थांबला होता तिथून पुढे निघतो आणि वरचा बाइट उचलतो : १. त्याच्या हातात आता खालचा बाइट जुना आणि वरचा नवा. २५६ अधिक २५५, झाले ५११. हे ३०० पेक्षा जास्त, म्हणजे खोका भरला, फिरव झडप. खोक्यात पाऊच मात्र २५६.

मेमरीतला आकडा एक क्षणही चुकलेला नाही. चूक झाली ती वाचताना, आणि वाचलेला आकडा लगेच टाकून दिला जात असल्यामुळे ती डिस्प्लेवर कधी दिसलीही नाही.

मग रोज का होत नाही? हिशोब करून पाहिला. लूप चार बटणं तपासतो, मोजणी वाचतो, आणि आकडा बदलला असेल तरच डिस्प्लेला हात लावतो. बाकी वेळ एका फेरीला साधारण ३०० क्लॉक लागतात. इंटरप्ट घुसू शकेल अशी फट २ क्लॉकची. म्हणजे २५५ वरून २५६ वर जाताना गाठ पडण्याची शक्यता दीडशेत एक. आठ तासांच्या पाळीत खोके भरतात नव्वद-पंचाण्णव. सरासरी दीड-दोन दिवसांनी एक चुकणार, आणि तसंच होत होतं. सेन्सर बदलल्यावर, सप्लाय बदलल्यावर मिळालेली दोन दिवसांची शांतता ही या दुखण्याची स्वतःची चाल होती, माझ्या दुरुस्तीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. हे समजलं तेव्हा फार बरं वाटलं, कारण अंदाज आणि वही जुळत होती.

कंपायलर कोणता बाइट आधी वाचतो हे असेंब्लीची लिस्टिंग (कंपायलरने चिपसाठी बनवलेल्या सूचनांची यादी) काढून नक्की करून घ्या. आमच्याकडे खालचा आधी होता. वरचा आधी असता तर त्याच क्षणी ५११ ऐवजी ० वाचला गेला असता, आणि लक्षण वेगळं दिसलं असतं.

हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : व्हेरिएबल व्होलाटाइल केलं होतं ना? केलं होतं. व्होलाटाइल कंपायलरला एवढंच सांगतं की दर वेळी खरोखर मेमरीतून वाच, रजिस्टरमधली जुनी प्रत वापरू नकोस. ते नसेल तर लूपला मोजणी वाढलेली कधी दिसणारच नाही असं होऊ शकतं, ते दुखणं वेगळं आणि पहिल्या दिवशीच कळतं. दोन बाइट एकत्र वाचले जातील ही हमी व्होलाटाइल देत नाही. आणि मोजणी बत्तीस बिटांची केली की सुटेल असं कोणी सुचवलं तर ऐकू नका, त्यात चार बाइट असतात आणि फटी वाढतात.

टक्केवारीचा चकवा

मध्यंतरी दादाने काही दिवस ६०० चा खोका लावला होता. त्यात एकदा ८८ कमी निघाले. मिस्त्रीने लगेच हिशोब मांडला : तीनशेमागे ४४, सहाशेमागे ८८, म्हणजे मशीनच ठरावीक टक्के खातंय, सेन्सरसमोरून दोन-दोन पाऊच चिकटून जात असणार. ऐकायला अगदी पटण्यासारखं. त्याने घसरणीचा कोनही बदलला.

पण ६०० च्या खोक्यात २५५ ला जरी ५११ वाचलं गेलं तरी झडप फिरत नाही, कारण ५११ हे ६०० पेक्षा कमीच. तिथे खरा उंबरठा ५११ वरून ५१२ चा. त्या फटीत वाचलं तर ७६७ दिसतं आणि खोका ५१२ वर बंद होतो. ६०० उणे ५१२, ८८. दुप्पट आलं तो निव्वळ योगायोग.

दोन्ही तर्कांतला खरा कोणता हे ठरवायचं तर असा आकडा निवडायला हवा की दोघांची उत्तरं वेगळी येतील. म्हटलं, ४०० चा खोका लाव. टक्केवारी खरी असेल तर ५८-५९ कमी निघतील, माझं खरं असेल तर १४४. चौथ्या दिवशी मावशींच्या वहीत नोंद झाली : २५६. त्याच सुमारास लक्षात आलं की आधी २०० चे खोके भरत होते तेव्हा ही तक्रार कधीच नव्हती. नसणारच, २०० च्या खोक्यात २५५ येतंच नाही.

उपाय

सरळ उपाय असा : मोजणी वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद ठेवायचे. एव्हीआर-लिबसीमध्ये (एव्हीआर, म्हणजे या जातीच्या चिपांसाठीची सी लायब्ररी) यासाठी अ‍ॅटॉमिक ब्लॉक तयार आहे. त्याच्या आत फक्त मोजणीची प्रत स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्या. तुलना, डिस्प्ले, झडप हे सगळं बाहेर, त्या प्रतीवर. इंटरप्ट बंद राहतात ते अर्ध्या मायक्रोसेकंदाहूनही कमी, आणि तेवढ्यात पाऊच आलाच तर त्याचा फ्लॅग (पल्स आल्याची चिपमधली खूण) चढलेला राहतो, ब्लॉक संपताच हँडलर चालतो. काही हरवत नाही.

या ब्लॉकला दोन रूपं आहेत. एक आधीची स्थिती जपतं : इंटरप्ट आधी चालू होते तर चालू करतं, बंद होते तर बंदच ठेवतं. दुसरं शेवटी सरसकट चालू करून टाकतं. पहिलं वापरा. दुसरं एखाद्या हँडलरमधून बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनमध्ये गेलं तर हँडलरच्या मध्यातच दार उघडतं, आणि ते शोधणं या ४४ पेक्षा कितीतरी अवघड. अर्डुइनोची नो-इंटरप्ट्स आणि इंटरप्ट्स ही जोडीही अशीच सरसकट चालू करणारी आहे, मुख्य लूपमध्ये ती चालते.

इंटरप्ट अजिबात बंद करायचे नसतील तर मोजणी लागोपाठ दोनदा वाचा, दोन्ही आकडे सारखे येईपर्यंत. ५११ वाचलं गेलं तरी पुढच्या वाचनात २५६ येईल, जुळणार नाही, पुन्हा वाचलं जाईल. सेकंदाला एक पल्स असेल तिथे हे उत्तम.

मी मात्र याच्याही पुढे जाऊन मांडणीच बदलली. पूर्वी खोका भरला की लूप मोजणी शून्य करायचा. शून्य करणं म्हणजेही दोन बाइट लिहिणं, त्यातही तीच फट. आता मोजणी कधीच शून्य होत नाही. त्यात लिहितो फक्त हँडलर, लूप फक्त वाचतो. खोका सुरू होताना तेव्हाचा आकडा बाजूला ठेवायचा, आणि खोक्यातले पाऊच म्हणजे आताचा आकडा उणे सुरुवातीचा. मोजणी ६५५३५ वरून पुन्हा ० वर गेली तरी वजाबाकी बरोबर येते, फक्त तिन्ही व्हेरिएबल बिनचिन्हाची आणि सोळा बिटांची हवीत, वजाबाकीसुद्धा. एकाने लिहायचं आणि बाकीच्यांनी वाचायचं, हा नियम पाळला की निम्मी भानगड मिटते.

कारखान्यात दोन-दोन दिवस वाट बघत बसू नका. टेबलावर दुसऱ्या बोर्डातून सेकंदाला १००० पल्स द्या आणि डिस्प्लेचा कोड काढून ठेवा, म्हणजे लूप त्यात अडकणार नाही. ३०० चा खोका तिथे ०.३ सेकंदात "भरतो". जुन्या प्रोग्रॅमला मिनिटभरात पहिला २५६ सापडला. नव्याला रात्रभर चालवलं, एकही नाही. दुरुस्ती झाली असं म्हणायचं असेल तर आधी दुखणं हुकमी उभं करता आलं पाहिजे.

दर खोक्याच्या सुरुवातीला १ जास्त

हे दुसरं दुखणं, याचा आकडा कायम १. खोका बदलताना काही जण सेन्सरचा इंटरप्ट ईआयएमएसके रजिस्टरमधून बंद करतात आणि नंतर चालू करतात. बंद असला तरी पिनवर पल्स आला की ईआयएफआर रजिस्टरमधला फ्लॅग चढतोच, आणि परवानगी मिळताच हँडलर धावतो. पल्सची कड बदलली, म्हणजे चढत्याऐवजी उतरती केली, तरीही फ्लॅग चढू शकतो. म्हणून परवानगी देण्याआधी फ्लॅग उतरवायचा, आणि तो उतरतो त्या जागी १ लिहून. नवख्याला हे उलटं वाटतं, पण तसंच आहे. लिहिताना फक्त तो एक बिट असलेला आकडा थेट रजिस्टरला द्या. वाचून, त्यात मिळवून परत लिहिलं तर शेजारचा चढलेला फ्लॅगही पुसला जाऊ शकतो.

पण फ्लॅग उतरवण्याआधी मशीनवरच्या माणसाला विचारा की खोका बदलताना आलेला पाऊच जातो कुठे. तो नव्या खोक्यात पडत असेल तर तो १ खराच आहे, पुसायचा नाही.

मोजणी कमी पडते, खोका जास्त भरतो

इथे दिशा लक्षात घ्या. बोर्डाची मोजणी पुढे पळाली तर खोक्यात माल कमी पडतो, मागे राहिली तर जास्त. जास्त भरत असेल तर पल्स हरवताहेत, आणि बहुतेक वेळा कारण हँडलरमध्येच लिहिलेलं असतं : डिले, डिस्प्लेवर छपाई, सीरियल पोर्टवर मजकूर. हँडलर चालू असताना एव्हीआर बाकीचे इंटरप्ट थांबवून ठेवतो, आणि प्रत्येक इंटरप्टला फ्लॅग एकच. त्या काळात एक पल्स आला काय किंवा चार आले काय, नोंद एकाचीच.

सेकंदाला एका पाऊचला याने फरक पडत नाही. फिल्म ओढणाऱ्या रोलरवर एनकोडर (फिरण्याच्या प्रमाणात पल्स देणारा सेन्सर) लावला की पडतो. एका फेरीला ६०० पल्स देणारा एनकोडर ३०० आरपीएमवर सेकंदाला ३००० पल्स देतो, दोन पल्समध्ये ३३३ मायक्रोसेकंद. नेहमीच्या सोळा बाय दोनच्या डिस्प्लेला नुसतं पुसायला १.५२ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात चार पल्स येऊन जातात. हँडलरमध्ये एक मिळवा, फार तर एक खूण करा, आणि बाहेर या. किती वेळ आत राहता हे पाहायचं असेल तर शिरताना एखादी रिकामी पिन वर करा, निघताना खाली, आणि लॉजिक अ‍ॅनालायझरवर रुंदी मोजा.

एसटीएम३२ या बत्तीस बिटांच्या चिपवर गेलात तर बत्तीस बिटांचा आकडा एका दमात वाचला जातो, ४४ चं दुखणं येणार नाही. पण लूपने त्यात मिळवणं किंवा वजा करणं तिथेही तुटू शकतं, कारण ते वाचणं, बदलणं, लिहिणं असं तीन पायऱ्यांचं असतं. आणि तिथे पेंडिंग फ्लॅग हँडलरच्या सुरुवातीला उतरवा. शेवटच्या ओळीत उतरवला तर ते लिहिणं पोचेपर्यंत हँडलर संपलेला असू शकतो, आणि एकाच पल्सला तो दोनदा चालू शकतो.

कधी १, कधी ३, कशाचा कशाशी मेळ नाही

नवा प्रोग्रॅम लावल्यावर २५६ गेले ते गेलेच. तीन आठवड्यांनी मावशींच्या वहीत २९९, २९७, २९९ दिसू लागलं. आकड्यात शिस्त नाही, म्हणजे हा विजेचा गोंधळ.

इंट-झिरोला कडेवर लावलं की एका क्लॉकपेक्षा जास्त टिकणारा पल्स तो मोजतो. १६ मेगाहर्ट्झवर एक क्लॉक म्हणजे ६२.५ नॅनोसेकंद. कॉन्टॅक्टर (हीटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) सुटताना वायरीत उठणारी ठिणगी याहून कितीतरी लांब असते. त्यात आमच्या सेन्सरची वायर हीटरच्या वायरीबरोबर एकाच पट्टीतून आणलेली, आणि पिनवर फक्त चिपच्या आतला पुल-अप (पिनची पातळी वर धरून ठेवणारा रेझिस्टर), जो २० ते ५० किलोओहम इतका अशक्त असतो.

तपासणी सोपी आहे. मशीनला माल देऊ नका, सेन्सरसमोर काही नको, आणि हीटरचा कॉन्टॅक्टर शंभर वेळा चालू-बंद करा. पाऊच एकही गेलेला नाही, त्यामुळे डिस्प्लेवर जे काही येईल ते सगळं खोटं. आमच्याकडे ११ आले.

प्रोग्रॅममध्ये "मागच्या पल्सनंतर २०० मिलिसेकंद दुसरा घेऊ नकोस" असं लिहिता येतं, आणि मीही नंतर लिहिलं. पण ते आधी लिहू नका. त्याने दुखणं झाकलं जातं आणि तार तशीच राहते. आधी वायर सोडवली, सेन्सरची वेगळ्या पाइपातून नेली, शील्ड फक्त पॅनलच्या बाजूला अर्थ केली. महारानी रोडवरून पीसी ८१७ ऑप्टोकपलर (तारेऐवजी प्रकाशातून सिग्नल पलीकडे पोचवणारा भाग) आणले आणि सेन्सरची २४ व्होल्टची बाजू बोर्डापासून तोडली. पिनवर बाहेरून ४.७ किलोओहमचा पुल-अप, आणि १ किलोओहम व १०० नॅनोफॅरडचा फिल्टर, ज्याचा काळ १०० मायक्रोसेकंद. पाऊच सेन्सरसमोर त्याच्या कित्येक पट वेळ असतो, त्याला काही फरक पडत नाही. झडपेच्या २४ व्होल्ट डीसी कॉइलवर उलटा डायोड, वन-एन ४००७. कॉन्टॅक्टरची कॉइल २३० व्होल्ट एसीची, तिच्यावर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (ठिणगी शोषून घेणारी जोडी), कपॅसिटर एक्स-२ वर्गाचा. एसी कॉइलवर चुकूनही डायोड लावू नका, तो अर्ध्या सायकलला शॉर्ट होतो.

आणि खरं सांगायचं तर सेकंदाला एक येणाऱ्या पाऊचला, किंवा हाताने दाबायच्या बटणाला, बाह्य इंटरप्टची गरजच नसते. टायमरच्या इंटरप्टमध्ये दर मिलिसेकंदाला पिन बघा, सलग आठ वेळा तीच पातळी दिसली तरच खरी माना. क्षणभराची ठिणगी त्या चाळणीतून जाऊच शकत नाही. मोजणी दोन बाइटचीच राहते, त्यामुळे वाचायचे नियम वर सांगितले तेच.

वायरिंग झाल्यावर, २०० मिलिसेकंदांची ती ओळ मुद्दाम काढून ठेवून, मिस्त्रीने पुन्हा शंभर वेळा कॉन्टॅक्टर चालू-बंद केला. मी आणि मावशी डिस्प्लेसमोर उभे होतो. आकडा शेवटपर्यंत शून्य.